कोळशाच्या खाणीत घोडे सांभाळणारा पोरगा थेट लॉर्ड्सवर पोहोचला, त्याची ही गोष्ट

बॉडीलाईन म्हटलं की हॅरॉल्ड लारवूडचं नाव येतंच. बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकणारा आणि अख्ख्या ऑस्ट्रेलियाचा राग ओढवून घेणारा बॉलर. पण हा गडी तिथवर पोहोचला कसा?

लारवूडचा जन्म १९०४ चा. गाव नॉटिंगहॅमशायरमधलं ननकारगेट. खाणकामगारांची वस्ती, बापही खाणीतच कामाला. पाच भावांतला हा चौथा. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि चौदाव्या वर्षी पोरगा खाणीत उतरला. काम काय, तर जमिनीखाली कोळशाचे डबे ओढणारे छोटे घोडे सांभाळायचे.

या सगळ्यात एकच विरंगुळा होता, तो म्हणजे गावातलं क्रिकेट. उंची कमी, अंगानं किरकोळ, पण बॉल मात्र सणकून यायचा. त्याच भागातला जुना कसोटीपटू जो हार्डस्टाफ याची नजर त्याच्यावर पडली आणि १९२३ मध्ये त्यानं ट्रेंट ब्रिजवर चाचणीची सोय करून दिली.

लारवूड तेव्हा १८ वर्षांचा होता. सुरुवातीला बॉल नीट पडेनात, मग हळूहळू लय सापडली आणि काउंटीनं करार केला. पगार आठवड्याला ३२ शिलिंग, म्हणजे खाणीत मिळायचे साधारण तेवढेच. फरक एवढाच की आता काम उजेडात होतं.

प्रशिक्षक जेम्स आयरमाँगरनं त्याच्यावर मेहनत घेतली. १९२४ मध्ये काउंटीकडून पहिली मॅच, १९२५ मध्ये ७३ विकेट. १९२६ मध्ये तर त्यानं सरेविरुद्धच्या एकाच मॅचमध्ये जॅक हॉब्जला दोनदा आउट केलं. हॉब्ज म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा इंग्लिश बॅट्समन. झालं, निवड समितीचं लक्ष गेलं.

जून १९२६. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध लारवूडनं कसोटी पदार्पण केलं आणि तीन विकेट घेतल्या. गंमत बघा, त्याच वेळी मजुरीच्या वादातून ब्रिटनमधल्या खाणमालकांनी टाळेबंदी केली होती आणि लाखो कामगार घरी बसून होते. तो खाणीतच राहिला असता तर तोही त्यांच्यातच असता.

पुढच्या दोन कसोटींत त्याला बसवलं, पण ओव्हलच्या निर्णायक कसोटीत परत घेतलं. तिथं त्यानं सहा विकेट काढल्या आणि इंग्लंडनं १४ वर्षांनी ॲशेस परत मिळवली.

इथवर सगळं छान होतं. १९३२-३३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या डग्लस जार्डिननं त्याच्या वेगाचं हत्यार केलं. लारवूडनं ३३ विकेट घेतल्या आणि मालिका जिंकली, पण वाद पेटला. पुढच्याच हिवाळ्यात जार्डिन इंग्लंडचा कॅप्टन म्हणून भारतात आला आणि मुंबईत कसोटी खेळला. पायाच्या दुखापतीनं बेजार लारवूडला मात्र माफी मागायला सांगितलं गेलं. कॅप्टनचा हुकूम पाळला, मग माफी कसली, असं त्याचं म्हणणं. त्यानं नकार दिला आणि तो पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही.

जार्डिन हौशी खेळाडूंच्या वर्गातला साहेब होता, लारवूड पगारी खेळाडू. खाण सुटली तरी मालक आणि मजूर हा हिशोब काही सुटला नाही.

१९५० मध्ये तो कुटुंबासह कायमचा राहायला गेला. कुठे? ज्यांच्या अंगावर बॉल टाकले, त्याच ऑस्ट्रेलियात. १९९५ मध्ये तिथंच त्यानं शेवटचा श्वास घेतला.