वर्गप्रतिनिधी सुभाष

नेताजींचे नाव घेतले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो लष्करी गणवेश आणि ती टोपी. आमच्या घरी ओटीवरच्या तसबिरीत ते तसेच होते. एका बाजूला शिवाजी महाराज, दुसऱ्या बाजूला लोकमान्य. आज मला त्या तसबिरीच्या बरेच मागे जायचे आहे. १९१६ साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करणाऱ्या एका मुलाची ही गोष्ट आहे. नेताजी व्हायला त्याला अजून पंचवीसेक वर्षांचा अवकाश होता, म्हणून मी त्याला नुसते सुभाषच म्हणतो.

ही गोष्ट मला अधिक जवळची वाटते, याला एक खाजगी कारण आहे. सुभाष त्या कॉलेजात वर्गप्रतिनिधी होता आणि बासष्ट वर्षांनी एका जिल्ह्याच्या गावी मीही वर्गप्रतिनिधी होतो. सारखेपणा एवढाच. तो लगेच संपतो, आणि कुठे संपतो ते पुढे येईलच.

कटकचे नामांकित वकील जानकीनाथ बोस आणि प्रभावतीदेवी यांच्या चौदा मुलांतला हा नववा. १९१३ साली मॅट्रिकला कलकत्ता विद्यापीठात दुसरा आला, म्हणून प्रेसिडेन्सीत प्रवेश. पण अभ्यासापेक्षा विवेकानंदांचे वेड मोठे. १९१४ च्या उन्हाळ्यात घरी न सांगता मित्राबरोबर गुरूच्या शोधात निघाला, हरिद्वार, मथुरा, काशी पालथी घातली आणि गुरूऐवजी टायफॉइड घेऊन परतला. अशा मुलाला वर्गाने आपला प्रतिनिधी केले, याचे मला आधी नवल वाटे. आता वाटत नाही. पूर आला, दुष्काळ पडला की वर्गणीसाठी दारोदार फिरणारा, वादसभेची उठाठेव करणारा मुलगा वर्गाला बरोबर ठाऊक असतो.

वर्गप्रतिनिधींना अधिकार म्हणावा असा कसलाच नव्हता. सर्वसाधारण बाबतीत प्राचार्य जेम्ससाहेब त्यांचा सल्ला घेत. घेतला तर घेतला, मानला तर मानला.

जानेवारीतल्या एका सकाळी सुभाष ग्रंथालयात बसला होता. तिथे बातमी आली, की इतिहासाचे प्राध्यापक ओटन यांनी त्याच्या वर्गातल्या मुलांना धक्काबुक्की केली. मुले व्हरांड्यातून चालली होती, आवाजाने साहेबांच्या तासाला व्यत्यय आला, ते तणतणत बाहेर आले आणि पुढच्या मुलांना त्यांनी मागे ढकलले. सुभाष तडक प्राचार्यांकडे गेला. ओटन यांनी मुलांची माफी मागावी, असे त्याने सुचवले. जेम्ससाहेबांचे उत्तर वाचण्यासारखे आहे. ओटन हे इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसचे, त्यांच्यावर सक्ती करता येत नाही. शिवाय त्यांनी मुलांना ढकलले नाही, फक्त दंडाला धरले, आणि त्यात अपमान होत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे कॉलेज संपावर गेले. मौलवीसाहेबांनी मुसलमान मुलांना वळवून पाहिले, ते वळले नाहीत. प्रफुल्लचंद्र रायांसारख्या लाडक्या प्राध्यापकांनी समजावले, तरी उपयोग झाला नाही. सुभाषवर माया असलेल्या एका प्राध्यापकाने त्याला बाजूला घेऊन विचारले, की पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळते ना? त्याने कळते म्हणून सांगितले, तेव्हा ते गृहस्थ पुढे काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी ओटन यांनीच प्रतिनिधींना बोलावून दोघांचाही मान राहील असा समेट केला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संपकऱ्यांना केलेला दंड मागे घ्यायला जेम्ससाहेब तयार होईनात. गरिबी सिद्ध करा आणि माफी मिळवा, एवढीच सवलत. समेट करून आलेल्या प्रतिनिधीच्या हातात वर्गाला दाखवायला काय उरले? मला हा दंड ओटनच्या धक्क्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बोलून काम होते, हा मुलांचा विश्वास त्या दंडाने घालवला.

महिनाभराने, १५ फेब्रुवारीला, ओटन यांनी पुन्हा एका मुलावर हात टाकल्याची बातमी पसरली. या वेळी प्रतिनिधीला कोणी विचारले नाही. मुलांनी जिन्याजवळ ओटनना गाठून मारले. सुभाष तिथे होता. त्याचा स्वतःचा हात उठला की नाही, यावर चरित्रकार आजही वाद घालतात. आपण ते पाहिले, एवढेच त्याने पुढे लिहून ठेवले. एका शिपायाने मात्र पळणाऱ्या मुलांत त्याला पाहिल्याची साक्ष दिली.

सरकारने कॉलेज बंद केले आणि चौकशी समिती नेमली. आपल्याला डावलले म्हणून जेम्ससाहेब शिक्षणखात्याच्या सभासदाशी भांडले आणि स्वतःच निलंबित झाले. पण खुर्ची जाण्यापूर्वी त्यांनी काळ्या यादीतल्या मुलांना बोलावले. कॉलेजातला सर्वांत उपद्रवी माणूस तू, असे सुभाषला सुनावून त्यांनी त्याला निलंबित केले. सुभाषने त्यांचे आभार मानले आणि तो घरी गेला.

खरी परीक्षा पुढे होती. चौकशी समितीचे अध्यक्ष सर आशुतोष मुखर्जी. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून सुभाष त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला सरळ विचारण्यात आले, की हा मार त्याला योग्य वाटतो का? नाही म्हणून गप्प बसता आले असते. निषेध करून सुटता आले असते. त्याने सांगितले, की मारणे योग्य नव्हते, पण मुलांना फार डिवचले गेले होते, आणि मग गोऱ्या प्राध्यापकांच्या वागण्याचा गेल्या काही वर्षांतला पाढाच वाचला. शहाणी माणसे हळहळली, की पोराने आपल्या हाताने आपले नुकसान केले. अहवालात मुलांच्या बाजूने चांगला शब्द आला नाही. कॉलेजने काढले, दुसऱ्या कॉलेजात जाण्याची परवानगी विद्यापीठाने नाकारली. एकोणिसाव्या वर्षी शिक्षण संपले.

आता माझे सांगतो. १९७८ साल. आमच्याकडे तेव्हा निवडणुका होत (पुढे त्यांत मारामाऱ्या शिरल्या, १९९४ च्या कायद्याने त्या बंद झाल्या आणि २०१६ च्या कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद झाली). मी अकरा मतांनी वर्गप्रतिनिधी झालो होतो. एका प्राध्यापकांबद्दल कोणीतरी फळ्यावर वाईट लिहिले. त्या सरांनी आदल्या दिवशी एका मुलाच्या ठिगळ लावलेल्या सदऱ्यावरून वर्गात विनोद केला होता. प्राचार्यांनी मला बोलावले, चहा मागवला आणि प्रतिनिधी या नात्याने माझी जबाबदारी काय ते समजावले. चहा संपेपर्यंत मी नाव सांगून टाकले होते. सदऱ्याची गोष्ट सांगायचे मात्र राहून गेले. त्या मुलाची फी-माफी गेली आणि दिवाळीनंतर तो गावाहून परत आला नाही. खरे बोललास, बरे केलेस, असे वडील म्हणाले. ते वाक्य आजही मला टोचते.

म्हणून जानकीनाथांची हकीगत वाचताना मी थांबतो. मार्चअखेर सुभाष कटकला परतला. मुलाच्या यशाकडे डोळे लावून बसलेल्या या वकिलाने कॉलेजात काय घडले, त्यात तुझा हात किती, असा एक प्रश्नही त्याला कधी विचारला नाही. मुलांच्या वतीने बोलल्याची ही शिक्षा आहे, असेच आईवडिलांना वाटत असावे, असा सुभाषने त्यांच्या वागण्यावरून कयास बांधला. वर्षभर तो कटकला आजाऱ्यांची सेवा करत, वाचत राहिला. १९१७ साली स्कॉटिश चर्च कॉलेजचे प्राचार्य अर्कहार्ट यांनी त्याला घेण्याची तयारी दाखवली. प्रेसिडेन्सीची हरकत नाही असे पत्र मिळवायला थोरले बंधू शरदबाबू तिथल्या नव्या प्राचार्यांकडे गेले. १९१९ साली सुभाष पहिल्या वर्गात, विद्यापीठात दुसरा, असा बी.ए. झाला आणि आय.सी.एस.साठी विलायतेला गेला.

केंब्रिजमध्ये त्याला चकित केले ते तिथल्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मानाने. युनियन सोसायटीच्या वादसभेत पार्लमेंटचे सभासद, प्रसंगी मंत्रीसुद्धा, पोरांशी बरोबरीच्या नात्याने वाद घालत. प्रेसिडेन्सीच्या व्हरांड्यातून आलेल्या मुलाला हे केवढे वाटले असेल! पण हिंदी विद्यार्थ्यांच्या पदरी तिथेही निराळाच न्याय होता. विद्यापीठाच्या लष्करी शिक्षणात त्यांना प्रवेश नव्हता. हिंदी विद्यार्थ्यांच्या मजलिसने दाद मागायला के. एल. गौबा आणि सुभाष यांना लंडनला धाडले. पुन्हा प्रतिनिधी! केंब्रिजमध्ये सांगत, की हरकत इंडिया ऑफिसची आहे. इंडिया ऑफिसात लॉर्ड लिटन यांनी सांगितले, की हरकत युद्धखात्याची आहे. परत येऊन विचारले, तर पुन्हा इंडिया ऑफिसचेच नाव. मी बँकेत एकतीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे हा खेळ मला नवा नाही. लिटन पुढे बंगालचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९२४ साली, सुभाषबाबूंना अटक झाली.

त्यानंतरचे आपल्याला पाठ आहे. आय.सी.एस.ला चौथा क्रमांक, १९२१ च्या एप्रिलमध्ये राजीनामा, १६ जुलैला मुंबईच्या बंदरात उतरून त्याच दिवशी मणिभवनात गांधीजींची भेट. चित्तरंजन दासांनी त्यांना राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य नेमले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. ज्याला प्राचार्याने बाहेर काढले तो पाच वर्षांत प्राचार्याच्या खुर्चीत बसला. विद्यार्थ्यांनी मात्र त्यांना आपलाच मानले. १९२९ च्या डिसेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते आपल्या अमरावतीला आले होते.

ओटनसाहेब पुढे बंगालचे शिक्षणसंचालक झाले. १८ ऑगस्ट १९४५ च्या विमान अपघातानंतर या म्हाताऱ्या इंग्रजाने सुभाषबाबूंवर एक कविता लिहिली. सूर्याकडे झेपावून पंख वितळलेल्या ग्रीक पुराणातल्या इकॅरसची उपमा त्याने त्यांना दिली. मनात काही अढी राहिली असेल, तर ती त्या कवितेत दिसत नाही.

सुभाषबाबूंनी आपली बाजू १९३७ च्या डिसेंबरात, ऑस्ट्रियात बसून लिहिली. ते आत्मचरित्र अपुरेच राहिले. जिन्याजवळचा प्रसंग त्यात आहे. ओटनना मागून ढकलले हा आरोप खोटा, मारणारे समोर उभे होते, एवढी एक दुरुस्ती ते ठासून करतात. एकवीस वर्षांनंतरही मुलांच्या अब्रूची ही बारीक बाब त्यांना सोडवली नाही. ओटन यांचा उल्लेख नुसत्या आद्याक्षराने आहे. मारणाऱ्या मुलांची नावे शोधायला मी ती पाने दोनदा वाचली. एकही नाव नाही.