गर्दीत फोन का लागत नाही? हिशेब मांडणारे एर्लांग कोण होते?

दरवर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरणे येथील जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो अनुयायी येतात. लाखो मोबाइल एकाच परिसरात जमतात. अशा गर्दीत कुणी चुकलेल्या मुलाला शोधण्यासाठी, कुणी रुग्णवाहिकेसाठी फोन लावतो. तो लागेल की नाही, याचा अंदाज बांधणारे सूत्र देणाऱ्या गणितज्ञाचा जन्मही १ जानेवारीचाच, साल १८७८.

शिक्षकाचा मुलगा

अ‍ॅग्नर क्रारूप एर्लांग हे डेन्मार्कमधील लोनबोर्ग गावचे. वडील गावातील शाळेत शिक्षक. वयाच्या १४व्या वर्षी विशेष परवानगीने ते विद्यापीठाची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाले. १९०१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शाळेत शिकवले. १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

नेमके सूत्र काय?

प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र लाइन देणे परवडणारे नव्हते. मग किती लाइन पुरे? कॉल कधी येईल याचा नेम नसतो, हे गृहीत धरून एर्लांग यांनी १९०९ मध्ये पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये सूत्र दिले. एका वेळी सरासरी १० जणांना बोलायचे असेल आणि लाइनही १० असतील, तर १०० पैकी सुमारे २१ कॉल लागत नाहीत. १०० जणांसाठी १०० लाइन असतील, तर सुमारे ८ लागत नाहीत. म्हणजे सरासरीइतकी सोय कमी पडते. पण लाइन एकत्र ठेवल्या तर त्या जास्त लोकांच्या कामी येतात.

फायबरमध्ये काय बदलते?

ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाचा प्रत्येक रंग, म्हणजे तरंगलांबी, ही एक लाइन असते. मध्ये रंग बदलण्याची सोय नसेल, तर वाटेतील सर्व टप्प्यांवर तोच रंग मोकळा लागतो. समजा, प्रत्येक टप्प्यावर एक रंग निम्मा वेळ व्यस्त आहे. मग तो तिन्ही टप्प्यांवर एकाच वेळी मोकळा मिळण्याची शक्यता आठात एक. मोठ्या जाळ्याचे अचूक गणित आवाक्याबाहेर जाते. म्हणून अभियंते प्रत्येक टप्प्याला एर्लांग यांचे सूत्र लावतात, इतरत्र अडलेले कॉल वजा करतात आणि आकडे स्थिरावेपर्यंत हाच हिशेब पुन्हा करतात.

नाव कुठे उरले?

अविवाहित एर्लांग जवळपास २० वर्षे त्याच कंपनीत राहिले. शस्त्रक्रियेनंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला एर्लांग हे नाव मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर ज्या संगणकीय भाषेवर चालतात, तिचे नावही एर्लांगच.

सूत्रामुळे लाइन वाढत नाहीत. किती कॉल अडतील, एवढेच ते आधी सांगते. त्यातले किती अडू द्यायचे, हे मात्र यंत्रणा उभारणाऱ्यांनाच ठरवावे लागते.