तुमची स्क्रिप्ट आधी ऑपरेटिंग सिस्टीम का विचारते? उत्तर डेनिस रिचीच्या गोष्टीत आहे

समजा, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये तीन मित्र एकच प्रोजेक्ट करतायत. एकाकडं मॅक, दुसऱ्याकडं उबुंटू, तिसऱ्याकडं फेडोरा. उबुंटूवर मस्त चालणारी स्क्रिप्ट मॅकवर मात्र आपटते. कारण फाईलमधला मजकूर जागच्या जागी बदलणारी सेड कमांड दोन्हीकडं थोडी वेगळी लिहावी लागते.

यावर उपाय सोपा आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच युनेम ही कमांड चालवायची. लिनक्स असेल तर उत्तर येतं लिनक्स, मॅक असेल तर डार्विन. त्यानुसार पुढची कमांड निवडायची आणि नाव अनोळखी निघालं तर तिथंच थांबायचं. उबुंटू की फेडोरा, हे मात्र युनेम सांगत नाही. त्यासाठी ओएस-रिलीज ही फाईल वाचावी लागते.

पण एकसारख्या दिसणाऱ्या एवढ्या सिस्टीम आल्या कुठून? इथं येतो डेनिस रिची.

जन्म 9 सप्टेंबर 1941, न्यूयॉर्कजवळच्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ. पोरगा हार्वर्डला फिजिक्स शिकला, पीएचडीचा प्रबंधही लिहिला. पण त्याची बांधलेली प्रत जमाच केली नाही, त्यामुळं डिग्री राहिली ती राहिलीच.

1967 मध्ये तो बेल लॅब्जमध्ये आला. 1969 मध्ये केन थॉम्पसननं तिथं युनिक्सची सुरुवात केली आणि रिची त्याच्या जोडीला होता. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम सहसा एकाच मशीनच्या भाषेत लिहिली जायची. मशीन बदललं की सगळं पहिल्यापासून. रिचीनं सी ही भाषा बनवली आणि 1973 मध्ये युनिक्स सी मध्ये नव्यानं लिहिलं गेलं.

खरी गंमत पुढं झाली. सी मधले प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर नेताना रिची आणि स्टीव्ह जॉन्सनच्या लक्षात आलं की, अडचण मशीनपेक्षा तिथल्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमची जास्त आहे. मग त्यांनी थेट युनिक्सच इंटरडेटा 8/32 या वेगळ्या मशीनवर नेलं.

सगळीकडं एकच सिस्टीम असेल तर विचारायची गरजच काय? पण झालं उलटं. युनिक्स इतकं पसरलं की प्रत्येकानं आपापली आवृत्ती काढली. मॅक त्याच घराण्यातला. लिनक्सनं युनिक्सचा कोड घेतला नाही, पण वळण तेच घेतलं. भाऊबंद वाढले, सवयी बदलल्या आणि स्क्रिप्टला घराचं नाव विचारायची वेळ आली.

1978 मध्ये ब्रायन कर्निघनसोबत त्याचं सी वरचं पुस्तक आलं. 1983 मध्ये थॉम्पसनसोबत ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 2007 मध्ये तो निवृत्त झाला.

5 ऑक्टोबर 2011 ला स्टीव्ह जॉब्स गेले, जगभर बातम्या झाल्या. आठवड्याभरात रिची त्याच्या घरी मृतावस्थेत सापडला, त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण जॉब्सच्या आयफोनची मुळंही युनिक्सपर्यंतच जातात.