दादाभाई नौरोजी

परदेशी राहून ज्यांनी स्वदेशाची सेवा केली, अशा पुरुषांत दादाभाई नौरोजी यांस आम्ही अग्रस्थान देतो. त्यांचा जन्म मुंबई येथे ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी घराण्यात झाला. चौथ्या वर्षीच पित्याचे छत्र हरपले. परंतु माता माणेकबाई हिने, स्वतः निरक्षर असताही, पुत्रास विद्या दिली. त्यांच्या शाळेत फी घेत नसत. आपले शिक्षण गोरगरिबांच्या पैशावर झाले, तेव्हा आपले आयुष्यही त्यांच्याच सेवेस लागले पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात रुजला. आणि हे ऋण ते जन्मभर फेडीत राहिले.

इ. स. १८४९ साली त्यांनी व त्यांच्या तरुण सोबत्यांनी मुंबईत मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा उघडल्या. शिकविणारे ते स्वतःच. वेतन काही नाही. मुली मिळविण्यास घरोघर फिरावे लागे व अपमानही सोसावा लागे. आमच्या कोथरूडशेजारी हिंगणे येथे अण्णासाहेब कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम आणला, त्याच्या अर्धशतकापूर्वीची ही गोष्ट होय.

पुढे ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. १८५५ साली कामा आणि कंपनीचे भागीदार होऊन ते इंग्लंडास गेले. तेथे त्यांच्या सचोटीची परीक्षा झाली. पेढीचा व्यापार अफू व दारू यांचाही होता, व त्यात नफा मोठा होता. असा पैसा दादाभाईंस नको होता. त्यांनी थोड्याच वर्षांत ती भागीदारी सोडली आणि १८५९ साली आपली निराळी पेढी काढली.

१८८६ साली पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. इंग्रज मतदार काळ्या मनुष्यास निवडणार नाहीत, असे मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी १८८८ साली भर सभेत बोलले. त्यास उत्तर १८९२ साली मिळाले. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघाने दादाभाईंस निवडून दिले. मताधिक्य अवघे पाच! सभागृहात त्यांनी आपल्या धर्मास अनुसरून अवेस्तावर शपथ घेतली. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेस कशी वाहून जाते, हे ते आकड्यांनी दाखवीत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचेही ते सभासद होते. त्यापुढे साक्ष देण्यास १८९७ साली पुण्याहून गोपाळराव गोखले गेले.

१८९५ साली त्यांची जागा गेली, तरी कार्य थांबले नाही. १९०६ साली, ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांनी कलकत्त्याच्या राष्ट्रसभेत तिसऱ्यांदा अध्यक्षपद स्वीकारून स्वराज्याची मागणी केली. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, त्यांचा विजय पाच मतांचा होता; पैकी कोणीही पाच जण आळसाने घरी राहते, तर बरोबरीच झाली असती. आपल्या एकट्याच्या मताने काय होणार, असे खेड्यातील मनुष्य म्हणतो, तेव्हा आम्हांस फिन्सबरीची आठवण होते. आणि अधर्माचा नफा दारी आला असता तो परत कसा लावावा, हेही या थोर पुरुषापासून आपण शिकावे.