डॉ. द्वारकानाथ कोटणीस

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू खानदेशातून मुंबई बंदरात येई आणि तेथून चीनला जाई. या विषाने चिनी प्रजा खंगू लागली. चीनने तो व्यापार रोखताच १८३९ साली इंग्रजांनी युद्ध आरंभिले. चीनचा पराभव झाला. परकीयांनी शांघायसारख्या बंदरांत आपल्या स्वतंत्र वसाहती थाटल्या आणि चिनी लोकांच्या मनात परकीयांविषयी चीड धुमसू लागली.

१९२५ मध्ये शांघाय येथे निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमाने गोळीबार झाला. त्या पोलिसांत भारतीय शिपाईही होते. चीनमधील राष्ट्रीय जागृती पाहून इंग्रज सरकार धास्तावले. १९२७ मध्ये त्याने भारतीय पलटणीही शांघायला धाडल्या. राष्ट्रसभेने या कृत्याचा निषेध केला. परंतु चिनी जनतेस भारतीय माणूस दिसे तो परक्या सत्तेचा शिपाई म्हणूनच.

हे चित्र पालटण्यास ज्यांनी हातभार लावला, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे जन्मले. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली, तेव्हा चिनी सेनानी चू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले. राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. १ सप्टेंबर १९३८ रोजी कोटणीस त्या पथकाबरोबर मुंबईहून निघाले.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. दुःख गिळून ते कामावर राहिले. ते चिनी भाषा शिकले. डोंगराळ रणभूमीवर, औषधांचा तुटवडा असताना, त्यांनी जखमी सैनिकांवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. सहकारी मायदेशी परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले. १९४१ मध्ये ते कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंग-लान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ठेवले यिन-हुआ; यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचे देहावसान झाले. शिजियाझुआंग शहरात चिनी हुतात्म्यांच्या सान्निध्यात त्यांची समाधी आहे. मालकी गाजविण्यास आलेल्या परकीयांवर चिनी जनता रुष्ट होती. सेवेसाठी आलेल्या या परकीयास तिने आप्त मानले.