सिल्वासातले बाबूजी

गेल्या पावसाळ्यात प्रात्यक्षिक कामासाठी दोन महिने मी सिल्वासाला मामाकडे राहिलो. मामा तेथल्या एका सूत कारखान्यात हिशेबनीस आहे. बी. कॉम. होऊ घातलेल्या भाच्याने पुस्तकातल्या नव्हे, खऱ्या खतावण्या पाहाव्यात, असे त्याचे म्हणणे. खतावण्या पाहिल्याच, पण वाचकहो, मी तेथून जे घेऊन आलो ते निराळेच आहे.

मामाची खोली म्हणजे रविवार संध्याकाळचा अड्डा. सातारा, सांगली, चंदगड आणि आपल्या बेळगावकडची चार-पाच मंडळी जमतात, चहा होतो आणि मग गीतरामायण लागते. ऐकण्यापेक्षा वादच अधिक. एक गृहस्थ मूळ आकाशवाणीच्या गीतरामायणाचे कट्टर अभिमानी. सीतेला माणिक वर्मांचा आवाज, शिवाय वसंतराव देशपांडे, राम फाटक असे एकाहून एक गायक. प्रत्येक पात्राला स्वतंत्र गळा मिळाला, तीच खरी मौज, असा त्यांचा पक्ष. दुसरे म्हणतात, सुधीर फडक्यांनी एकट्याने गायिलेल्या ध्वनिमुद्रिकाच प्रमाण; शब्दाचा एक काना-मात्रा हरवत नाही. मामाचा पक्ष तिसरा. त्याच्याजवळ कुणीतरी प्रत्यक्ष कार्यक्रमात टेप केलेली एक कॅसेट आहे. तीत श्रोत्यांचे खोकणे आहे, तबला लावल्याचा ठोक आहे, मधूनच खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मामाच्या मते बाबूजी खरे तेथेच भेटतात. वाद फारच चढला की खळे श्रेष्ठ की फडके, हा मुद्दा निघतो आणि मग चहा निवतो.

२ ऑगस्टला कारखान्याला सुटी होती. कशाची, म्हणून विचारले तर मुक्तिदिनाची, एवढेच मामाला सांगता आले. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी मात्र मला बसवून घेऊन १९५४ ची हकीकत सांगितली आणि सिल्वासावर चालून गेलेल्यांची नावे घेतली. त्यांत एक नाव सुधीर फडके. मी धावत खोलीवर आलो. मामाने ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले की ते फडके दुसरे कोणीतरी असतील. फडके काय, पैशाला पासरी! पंधरा वर्षे सिल्वासात राहून दर रविवारी ज्याच्यावरून भांडायचे, तो माणूस याच गावात हातात शस्त्र घेऊन आला होता, हे त्याला खरेच वाटेना. मलाही वाटले नव्हते. पुढे पुस्तके पाहिली. ते फडके हेच होते.

त्यांचे मूळ नाव रामचंद्र विनायक फडके. जन्म कोल्हापूरचा, २५ जुलै १९१९ चा. वडील वकील, पण लहानपणीच आई गेली आणि घराची स्थिती उतरत गेली. पं. वामनराव पाध्ये यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पुढे मुंबईत पोटासाठी मिळेल ते काम केले, उपाशी दिवस काढले, गावोगाव गात उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. १९४१ साली एच. एम. व्ही.त संगीतकार म्हणून शिरकाव झाला आणि १९४६ साली प्रभातच्या ‘गोकुळ’ला संगीत दिले. १९४९ मध्ये गायिका ललिता देऊळकर यांच्याशी विवाह झाला. येथवरची कथा कोणत्याही कष्टाळू कलावंताची म्हणता येईल. तरुणपणापासून ते संघाचे स्वयंसेवक होते आणि सावरकरांचे निस्सीम भक्त. त्यांचे राजकारण सर्वांना पटेल असे नाही. मलाही सगळे पटत नाही. पण त्यांनी ते कधी लपवले नाही.

दादरा आणि नगर हवेली हा मुलूख केवळ ४९१ चौरस किलोमीटरांचा. गावे ७२. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासींची. इंग्रज गेले तरी येथे पोर्तुगीज होते. तो सोडवायचा तर शस्त्रे हवीत आणि शस्त्रांना पैसा हवा. राजा वाकणकर, नाना काजरेकर प्रभृतींच्या या खटपटीत फडके होते, आणि निधीसाठी पुण्यात हिराबागेवर लता मंगेशकरांचे गाणे झाले. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला या जमाखर्चाचे फार कौतुक वाटते. जमेला गाणी, नावे बंदुका!

२१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या मंडळींनी दादरा घेतले. आठवड्याभरात नरोली पडली. मग ऐन पावसात वाकणकरांची तुकडी आणि आझाद गोमंतक दलाचे लोक सिल्वासाच्या रोखाने निघाले. त्यांत पुढे शिवशाहीर म्हणून गाजलेले बाबासाहेब पुरंदरेही होते. सिल्वासात कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे शिपायांनिशी होता. तो खानवेलकडे निघून गेला आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्टला फिदाल्गोनेही शरणागती पत्करली. दमणहून कुमक येऊ शकली नाही, कारण वाटेत भारतीय मुलूख होता आणि भारताने वाट दिली नाही. पोर्तुगालने हा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेला. त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला.

या मुक्तीचे श्रेय कोणाचे, यावर आजही मतभेद आहेत. गोवन्स म्हणतात आम्ही आरंभ केला, दल आणि संघ म्हणतात राजधानी आम्ही घेतली, आणि परुळेकर दांपत्याच्या नेतृत्वाखाली वारल्यांमध्ये काम करणारे कम्युनिस्ट आपला वाटा सांगतात. मामाच्या खोलीतल्या तीन पक्षांची मला येथे आठवण झाली. गुरुजींनी मात्र सर्वांची नावे सारख्याच आवाजात घेतली होती.

आता ज्या गोष्टीने मला झोप येऊ दिली नाही ती सांगतो. २ ऑगस्ट १९५४ नंतर आठ महिने पुरे होण्याच्या आदल्या दिवशी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, कल्पना केंद्राचे सीताकांत लाड यांची. शुक्रवारी सकाळी नवे गीत लागायचे, शनिवार-रविवारी तेच पुन्हा. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्न ठरलेली गीते छप्पन्न झाली. आमची आजी तेव्हा दहा वर्षांची होती आणि रेडिओ असलेल्या घराच्या पायरीवर जाऊन बसायची. त्या आवाजाचा धनी काही महिन्यांपूर्वी चिखल तुडवीत पोर्तुगीज चौकीवर गेला होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. मी फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

माडगूळकर आणि फडके ही जोडीही मोठी विलक्षण. कवी काँग्रेसच्या वळणाचे, पुढे विधान परिषदेचे आमदार, गायक संघाचा. दोघांचे खटके उडत आणि तरी गाणी होत राहत. १९७९ मध्ये पुण्यात रमणबागेत गीतरामायणाचा रौप्यमहोत्सव आठ दिवस चालला, तेव्हा माडगूळकर नव्हते. ते १९७७ च्या डिसेंबरात गेले होते. त्या महोत्सवात इतर भाषांतली रूपांतरेही सादर झाली. गीतरामायणाचे कन्नड रूपांतर आहे आणि ते त्याच चालींवर गाता येते. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांनी ते जरूर मिळवून ऐकावे.

सिल्वासाची मोहीम म्हणजे तरुणपणाची एक लहर होती, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही. नगर हवेलीच्या लढ्यातले मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये गोव्यात जखमी होऊन पकडले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी फडक्यांनी समिती उभी केली, दारोदार हिंडले. त्याच काळात ‘भाभी की चूडियाँ’सारख्या चित्रपटांची गाणीही चाललीच होती. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. पुढे सावरकरांवरचा चित्रपट काढायला घेतला, तोही लोकवर्गणीतून. वर्षांमागून वर्षे गेली, लोक हसू लागले. नोव्हेंबर २००१ मध्ये तो पडद्यावर आला आणि २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले.

मी भजनात पेटी वाजवतो. घरी त्याला फावल्या वेळचा उद्योग म्हणतात. खरे काम म्हणजे खतावणी. या माणसाचे खरे काम कोणते आणि फावल्या वेळचे कोणते, हे मी वहीच्या मधोमध रेघ ओढून मांडायला बसलो होतो. दोन्ही बाजूंना एकच नाव येऊ लागले, तेव्हा वही मिटली.

त्यानंतरच्या रविवारी मी खोलीतल्या मंडळींना पुस्तकातले पान दाखवले. मामाने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि न बोलता आपली कॅसेट लावली. पहिले गीत संपेपर्यंत कोणीच तोंड उघडले नाही. मग साताऱ्याच्या गृहस्थांनी शंका काढली की एवढ्या पावसात भिजल्यावर गळा बसला असणार, तेव्हा एप्रिलमधला तो आवाज आधीसारखा कसा राहील? सांगलीकरांना ते मुळीच मान्य नव्हते. चहा पुन्हा निवला.