जोसेफ स्मिथ

जोसेफ स्मिथ (२३ डिसेंबर, इ.स. १८०५:शॅरन, व्हरमाँट, अमेरिका - २७ जून, इ.स. १८४४:कार्थेज, इलिनॉय, अमेरिका) हे मॉर्मन पंथाचे संस्थापक होते. ईश्वर देहधारी आहे आणि तो एकेकाळी मानवी अवस्थेतून गेला होता, या त्यांच्या शिकवणीमुळे हा पंथ पारंपरिक ख्रिस्ती मतापासून वेगळा झाला.

पूर्वायुष्य

स्मिथ यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे तारुण्य न्यू यॉर्क राज्यातील पॅल्मायरा परिसरात गेले. इ.स. १८२०च्या सुमारास रानात प्रार्थना करीत असताना पिता व पुत्र यांनी दोन स्वतंत्र व्यक्तींच्या रूपात आपल्याला दर्शन दिले, असे त्यांनी पुढे इ.स. १८३८मध्ये सांगितलेल्या वृत्तांतात म्हटले आहे. इ.स. १८३०मध्ये त्यांनी बुक ऑफ मॉर्मन हा ग्रंथ प्रकाशित केला व ६ एप्रिल रोजी पंथाची स्थापना केली.

ईश्वरविषयक शिकवण

स्मिथ यांची ही शिकवण टप्प्याटप्प्याने घडत गेली. इ.स. १८३५मध्ये पंथाने प्रकाशित केलेल्या श्रद्धाविषयक व्याख्यानांत पित्याचे वर्णन आत्मस्वरूप असे होते. इ.स. १८४३मध्ये मात्र पित्याला मांस व अस्थी यांचा देह असून केवळ पवित्र आत्मा देहरहित आहे, असे स्मिथ यांनी शिकविले.

७ एप्रिल, इ.स. १८४४ रोजी नॉवू येथे, किंग फॉलेट या दिवंगत अनुयायाच्या स्मरणार्थ, त्यांनी आपले सर्वांत प्रसिद्ध प्रवचन दिले. ईश्वर हा उन्नत झालेला मानव आहे, मानवही ईश्वरपदाला पोहोचू शकतो, सृष्टी शून्यातून निर्माण झालेली नाही आणि मानवाचे बुद्धितत्त्व अनादी आहे, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले.

विरोध व मृत्यू

पंथातील असंतुष्टांनी ७ जून रोजी नॉवू एक्स्पॉझिटर हे वृत्तपत्र काढून अनेक ईश्वरांची शिकवण व बहुपत्नीत्व यांवर टीका केली. नगराध्यक्ष असलेल्या स्मिथ यांच्या आदेशाने त्याचा छापखाना नष्ट करण्यात आला. या प्रकरणातून त्यांना अटक झाली. कार्थेजच्या तुरुंगावर हल्ला करून जमावाने त्यांची व त्यांचे बंधू हायरम यांची हत्या केली.

वारसा

किंग फॉलेट प्रवचन श्रोत्यांनी घेतलेल्या टिपणांच्या रूपात उरले. युटा येथे गेलेल्या मुख्य शाखेने त्याला धर्मग्रंथाचा दर्जा दिला नाही, तरी त्यातील विचारांचा तिच्यावर खोल प्रभाव पडला. स्मिथ यांचे पुत्र तिसरे जोसेफ स्मिथ यांच्या नेतृत्वाखालील शाखेने मात्र ही शिकवण स्वीकारली नाही.